माझ्या दारातला गतिरोधक

काकी पडली त्या सकाळी मी पडवीत आमसुलं उन्हाला घालत होते. मे महिना. बाहेर ब्रेक लागला नाही, हॉर्न वाजला नाही. काहीतरी दाणकन आपटलं आणि गाडी पुढे निघून गेल्याचं ऐकू आलं. फाटकाशी जाऊन बघते तर रस्त्यावर बांगडेच बांगडे, प्लास्टिकचा टप उलटा पडलेला, आणि कुंपणाच्या दगडी गडग्याला पाठ लावून काकी उजवं मनगट छातीशी धरून बसलेली.

"नंबर बघितलास?" मी विचारलं.

"बाई, कावळे इले," ती म्हणाली. "पयली म्हावरा उचला."

मी बांगडे उचलले. एवढ्यात वळणापलीकडच्या होमस्टेचा मालक धावत आला. आमच्या वाडीत पहिला होमस्टे त्यानेच काढला. तिसरीत मी त्याला शिकवलंय, म्हणून मी त्याला अजून अरे-तुरे करते. त्याने एक शब्द न बोलता आपली गाडी काढली, काकीला उचलून बसवलं आणि मालवणच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. दुपारी प्लास्टर घालून तिला घरी आणून सोडलं, वर खाटेवर उशी ठेवून दिली. त्या दिवशी वाडीत सगळे त्याचंच कौतुक करत होते. मीही केलं.

काकी म्हणजे आमच्या वाडीची मासेवाली. पहाटे किनाऱ्यावर होड्या लागल्या की मासळी घ्यायची, वाडीत चार घरी द्यायची आणि उरलेली घेऊन सकाळच्या एसटीने मालवणच्या बाजारात जायचं, हा तिचा तीस-पस्तीस वर्षांचा नेम. आमचा रस्ता मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून किनाऱ्यापर्यंत येतो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये एक एसटी जेमतेम मावेल एवढी जागा. त्याच्यावर सुट्टीच्या दिवसांत शहरातल्या गाड्या अशा सुटतात, जणू समुद्र कुठे पळून चाललाय. वळण नेमकं माझ्या घरापाशी.

आता कमिटीविषयी सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी पोलीस ठाण्यातून सूचना आली की प्रत्येक वाडीने आपली एक समिती करावी. लहानसहान भांडणं, चोऱ्या, रस्त्यावरचा त्रास, सगळं आधी तिथे बोलावं. महिन्याच्या सभेला एक हवालदार येईल. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त एसटी ड्रायव्हर निवडले गेले, कारण त्यांचा आवाज मोठा. होमस्टेचा मालक सदस्य, कारण सभेचा चहा तो देतो. बायकांमधून काकी, कारण दुसरी कोणी तयार होईना. आणि सचिव मी, कारण मी निवृत्त शिक्षिका, माझं अक्षर बरं, आणि यजमान गेल्यापासून मला वेळच वेळ असतो असा लोकांचा समज.

सभा देवळाच्या मंडपात, रविवारी दुपारी. काकी पडल्यानंतरच्या सभेला इतकी गर्दी झाली की सतरंज्या कमी पडल्या. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून काकी खांबाला टेकून बसली होती.

"गतिरोधक होयोच," अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं एकमत मी त्या मंडपात कधी पाहिलं नव्हतं. मी ठराव लिहायला घेतला.

"खंय घालूया?" कोणीतरी विचारलं.

"खंय म्हणजे? त्या वळणार."

"वळणार नको. वळणाच्या वर माझा घर. सुनेक सातवो म्हयनो लागलोहा. रिक्षेतसून आपाटली तर कोण जबाबदार?"

"मगे वायच खालती घाला."

"खालती माझो गोठो. गाडये थंय थांबतले, हॉर्न मारतले. म्हस दूद देवची नाय."

होमस्टेचा मालक मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाई, घाला, पण माझ्या फाटकापासून दूर घाला. पावण्यांचे गाडये खालसून घासले तर ते परत येवचे नाय."

म्हणजे गतिरोधक सगळ्यांना हवा होता आणि तो दुसऱ्याच्या दारात हवा होता. दोन तास गेले. मी वहीत लिहिलं : 'सविस्तर चर्चा होऊन विषय पुढील सभेसाठी ठेवण्यात आला.' हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा लिहिलं की हात आपोआप वळू लागला.

पुढच्या सभेत एका म्हाताऱ्यांनी तोडगा काढला. "देवाक इचारूया." कौल लावायचं ठरलं. गुरवाने पाषाणावर पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आम्ही हात जोडून उभे राहिलो. उजवी पाकळी पडली. "उजवो दिल्यान!" सगळे खूश. देवाने परवानगी दिली होती. जागा मात्र त्यानेही सांगितली नव्हती. बाहेर येऊन चपला घालता घालता पुन्हा तेच भांडण सुरू झालं.

जागेचं राहो, निदान सरकारी परवानगी तरी आणून ठेवावी म्हणून मी कागद घेऊन फिरू लागले. ग्रामपंचायतीत म्हणाले, रस्ता आमचा नाही, जिल्ह्याच्या बांधकाम खात्याचा. त्या खात्यात मी दोन एसट्या बदलून गेले. तिथला कारकून सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "मॅडम, अपघातप्रवण जागा आहे असा पोलिसांचा अभिप्राय लागेल. सोबत अपघाताची नोंद जोडा."

नोंदीसाठी ठाण्यात गेले. टेबलाशी बसलेल्या जमादाराने विचारलं, "गाडीचा नंबर?"

"नाही."

"रंग, कंपनी?"

"काकी म्हणते पांढरी."

"बाई, मे महिन्यात इथे दर दुसरी गाडी पांढरी. नंबर मिळाला की या, लगेच नोंद करू."

म्हणजे नंबर नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून अभिप्राय नाही, अभिप्राय नाही म्हणून गतिरोधक नाही. आमच्या सभेला येणारे हवालदार मात्र मनाने चांगले. घाटावरचे, आमचं मालवणी त्यांना अर्धंच कळायचं आणि उरलेल्या अर्ध्याला ते हसून मान हलवायचे. एकटा माणूस, एक मोटरसायकल आणि कितीतरी वाड्या. माझ्या अर्जांची चळत बघून ते म्हणाले, "काकू, एवढ्याशा कामाला कागद कशाला? टाका चार घमेली सिमेंट तुम्हीच. मी काही बघितलं नाही."

त्यांचं हे बोलणं मी इतिवृत्तात लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

मग पाऊस लागला. पर्यटक गेले, गाड्या थांबल्या आणि सगळ्यांचा राग भिजून मऊ पडला. काकीचं प्लास्टर निघालं. मनगट वाकडंच जुळलं. भरलेला टप डोक्यावर चढवायला तिला आता दुसऱ्याचा हात लागायचा. सभेत मी विषय काढला की अध्यक्ष म्हणायचे, "बाई, पावसात सिमेंट धरना नाय." खोटं नव्हतं, म्हणून जास्त चीड यायची.

दिवाळीची सुट्टी लागली आणि पहिल्याच दिवशी एका गाडीने वळणावर कोणाची तरी कोंबडी मारली. कोंबडीवरून जेवढा आरडाओरडा झाला, तेवढा काकीच्या हातावरूनही झाला नव्हता. तातडीची सभा. पुन्हा सून (तिचं बाळ एव्हाना तीन महिन्यांचं झालेलं, आता त्याची झोपमोड होणार होती), पुन्हा गोठा, पुन्हा पाहुण्यांच्या गाड्या. माझं डोकं फिरलं. मी वही मिटली आणि म्हटलं, "माझ्या दारात घाला. अगदी फाटकासमोर. पण विषय संपवा."

टाळ्या पडल्या. तसा ठराव झाला. खाली माझी सही, सचिव म्हणून.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. सिमेंट होमस्टेच्या मालकाने दिलं, त्याच्या नव्या बाथरूमचं उरलेलं. रेती, खडी जमली. अध्यक्ष लुंगी खोचून रस्त्याच्या मधोमध उभे. मी पुस्तकात बघून उंची-रुंदीचं माप कागदावर लिहून आणलं होतं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला. "बाई, तीस वर्सां गाडी चालवलंय. गतिरोधक माका शिकवतास?"

नंतर जो येईल तो उभा राहून बघायचा आणि म्हणायचा, "एवढ्यान काय होतला? आजून वायच टाका." असं करत करत दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत रस्त्यावर म्हैस आडवी पडल्यासारखं काहीतरी तयार झालं. सगळ्यांनी फोटो काढले. दोन दिवस दोन्ही बाजूंना दगड लावून सिमेंट सुकू दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळची एसटी आली. पुढची चाकं चढली, उतरली. मग बसचं पोट टेकलं आणि माझ्या दारात असा आवाज झाला की माझ्या हातातलं भांडं पडलं. बस पुढे जाईना, मागे जाईना. ड्रायव्हर खाली उतरला, वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. अध्यक्ष घाईघाईने आले.

"कोणी बांधल्यान ह्या?" ड्रायव्हरने विचारलं.

"कमिटीन," अध्यक्ष म्हणाले.

"कमिटीत कोण ड्रायव्हर नाय काय?"

तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस मान खाली घालून माझ्या फाटकाची कडी चाळवत उभा होता. त्यांचा मला इतका राग आला होता, तरी त्या क्षणी मी घरात निघून गेले. माझ्यासमोर तरी त्यांना उभं राहावं लागू नये म्हणून.

फळ्या लावून, ढकलून बस काढली. दुसऱ्या दिवसापासून ती फाट्यावरूनच परत फिरू लागली. काकीला आणि बाजाराला जाणाऱ्या सगळ्या बायकांना फाट्यापर्यंत चालत जाणं आलं, डोक्यावर ओझं घेऊन. गाड्या म्हणाल, तर शहरातल्या उंच गाड्या जराशा हळू होऊन त्याच्यावरून आरामात जात होत्या.

चार दिवसांनी हवालदार आले. मोटरसायकल उभी केली, टोपी काढली, पुन्हा घातली. माझ्याकडे न बघता त्यांनी एक कागद पुढे केला. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना अडथळा निर्माण केल्याबद्दल सचिवांनी ठाण्यात हजर राहावं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना?" मी विचारलं.

"काकू, मी एवढा मोठा करा म्हणालो नव्हतो."

संध्याकाळी मी सदस्यांना बोलावलं. ठाण्यात सगळे मिळून जाऊ, असं माझं म्हणणं. एकाला लग्नाला जायचं होतं. एकाच्या गुडघ्याला सूज होती. अध्यक्षांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं, आणि ते मला खरंही वाटलं. होमस्टेचा मालक म्हणाला, "बाई, सही तुमची आसा. आमी येवन काय सांगतलंव?" काकी कोपऱ्यात बसली होती. ती एवढंच म्हणाली, "सकाळची गाडी फाट्यार सातांक येता. मी हाक मारीन."

सकाळी तिने हाक मारली. तिचा टप चढवायला मी हात दिला आणि आम्ही निघालो. अर्जांची एक मोठी पिशवी मी घेतली. थंडी पडू लागली होती, काजूंच्या बागेवर धुकं होतं. पंधरा-वीस मिनिटं मी एकटीच बोलत होते. सगळ्यांचा उद्धार करत होते. कसे सगळे पळाले, कसं देवाने जागा सांगितली नाही, कसा त्या गाडीचा नंबर कोणी बघितला नाही.

"नंबर कित्याक होयो?" काकी म्हणाली. "गाडी खंयची ती सगळ्यांका म्हायत आसा."

मी थांबले. "कोणाची?"

तिने मान न हलवता, डोक्यावरचा टप सांभाळत सांगितलं. होमस्टेच्या पाहुण्यांची. त्या दिवशी सकाळी त्यांना फाटकातून निघताना तिने बघितलं होतं. ते वळून आले, आणि तिला उडवून गेले. नंतर दोन दिवस ते इथेच राहिले. त्याच रस्त्याने गेले-आले.

"आणि तू सहा महिने गप्प?"

"सांगान काय करू? सून माझी थंयच कामाक जाता. म्हावरा तो रोज घेता. आणि दवाखान्यात त्यानच नेल्यान मां माका."

"अगो, पण कमिटी तुझ्यासाठीच बसली होती ना?"

"माझ्यासाठी?" ती हसली. तिचं हसणं मला लागलं. "माका एकान तरी इचारल्यान काय, तुका काय होया म्हणान? माका तो उंचवटो नको होतो, बाई. त्या माणसान गाडी थांबवून खाली उतारूक होया होता. लागला काय गो, एवढाच इचारूक होया होता. तुमीसुदीक पयलो नंबर इचारल्यात."

चौतीस वर्षं मुलांना प्रश्न विचारण्यात गेली आणि मला साधा तेवढा प्रश्न सुचला नव्हता. फाटा आला. बसमध्ये चढताना ती म्हणाली, "थंय नाव घेव नकात हां त्याचा. सुनेचा काम जायत."

ठाण्यात मला तासभर बाकावर बसवलं. मग साहेबांनी आत बोलावलं. तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी समजुतीने सांगितलं की दोन दिवसांत गतिरोधक फोडून टाका, तसं लिहून द्या, मी प्रकरण वाढवणार नाही.

तिथेच उठून नमस्कार करून मी निघायला हवं होतं. पण माझा ताबा सुटला. पिशवीतून मी अर्जांची चळत काढली आणि त्यांच्या टेबलावर एकेक मांडत गेले. "हा ग्रामपंचायतीचा. हा बांधकामाचा. हा पुन्हा बांधकामाचा. हा तुमच्या ठाण्याचा, ही तुमची पोच. एका बाईचा हात मोडला, तेव्हा तुमच्याकडे लिहायला रकाना नव्हता. सिमेंटचा गोळा पडला तर चार दिवसांत नोटीस? साहेब, माझ्या वर्गात असला हिशेब मी तिसरीच्या मुलाला करू दिला नसता."

बाहेरचा टाइप करण्याचा आवाज थांबला. साहेब काही वेळ अर्ज चाळत राहिले. मग म्हणाले, "अनोळखी वाहन म्हणूनही नोंद करता येते. तेव्हाच करायला हवी होती."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला रडूच आलं. सहा महिने मी जो दगड ढकलत होते, तो मुळात तिथे नव्हताच.

"गाडी कुठली असेल, काही अंदाज?" त्यांनी विचारलं.

मी काकीला शब्द दिला नव्हता, पण नाही म्हटलंही नव्हतं. "मला माहीत आहे," मी म्हटलं, "पण मी सांगणार नाही. होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांचं रजिस्टर ठेवायचं असतं ना? त्यात गाडीचा नंबर असतो ना? मे महिन्याची पानं तुम्हीच बघा. सगळ्यांची बघा, एकाचीच नको."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. हवालदार दुसऱ्या दिवशी वाडीत येणार असं ठरलं.

परत आल्यावर मी घरी गेलेच नाही. सरळ होमस्टेच्या फाटकातून आत गेले. मालक अंगणात चादरी वाळत घालत होता.

"बाई, चाय ठेवू?"

"ती गाडी तुझ्याकडची होती."

त्याने हातातली चादर दोरीवर टाकली, पुन्हा काढली, पुन्हा टाकली. "होय," तो म्हणाला.

"इतक्या सभा माझ्यासमोर बसलास."

"तुमी इचारल्यात नाय, बाई."

मी त्याच्या अंगावर ओरडणार होते, पण तो बोलू लागला. गाडी निघाली आणि पाठोपाठ आवाज झाला, म्हणून तो धावला. काकीला बघितल्यावर त्याला कळलं. संध्याकाळी ते लोक परत आले तेव्हा डाव्या बाजूचा आरसा फुटलेला. त्याने विचारलं, तर म्हणाले, पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकलं. तो गप्प राहिला. "म्हटलंय, ह्येंका बोललंय तर खराब लिवतले माझ्याबद्दल. मगे एक दिवस गेलो, दोन गेले. मगे बोलूक तोंडच उरला नाय. रोज काकी दारात येता आणि मी तिच्याकडसून म्हावरा घेतंय."

"उद्या हवालदार रजिस्टर बघायला येणार आहेत," मी सांगितलं.

तो तिथेच पायरीवर बसला. थोड्या वेळाने उठून आत गेला आणि रजिस्टर घेऊन आला. "मीच घेवन जातंय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी हवालदार यायच्या आधी तो ठाण्यात पोचला होता. ही गोष्ट त्याच्या बाजूने मला सांगायलाच हवी. त्याचा सरळ राग करता आला असता तर माझी झोप तरी बरी लागली असती.

नोंद झाली. गाडीच्या मालकाला शहरात फोन गेला. पहिल्यांदा त्याने आम्ही मालवणला कधी आलोच नाही असं सांगितलं. मग आलो होतो, पण धक्का लागल्याचं कळलंच नाही. मग ठाण्यात यायची तारीख त्याने दोनदा पुढे ढकलली. शेवटी साहेबांनी हवालदारांना आमच्या सभेलाच पाठवलं आणि हवालदारांच्या मोबाइलवर त्या माणसाचा व्हिडिओ कॉल लावला, की निदान त्या बाईशी बोल तरी. मंडपात सगळे गोळा झाले. हवालदारांनी मोबाइल काकीसमोर धरला. पडद्यावर एक गोरासा, चष्मेवाला माणूस ऑफिसात बसलेला.

"सॉरी हां, मावशी," तो म्हणाला. "व्हायला नको होतं. काळजी घ्या."

काकीने पदर सावरला, मान पुढे करून पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हवालदारांना म्हणाली, "ह्यो न्हय तो."

"म्हणजे?"

"गाडी चालवी होतो तो दुसरो. तेका टक्कल होता. ह्यो बाजूक बसललो."

पडद्यावरचा माणूस क्षणभर अडखळला, म्हणाला, गाडी माझ्या मेहुण्याच्या हातात होती, पण घरातलं कोणीतरी सॉरी म्हटलं म्हणजे झालं ना. आणि मग रेंज गेली, किंवा त्याने घालवली. हवालदारांनी मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे आता जबाब पुन्हा घ्यावा लागेल," ते म्हणाले. अध्यक्षांनी डोक्याला हात लावला. होमस्टेचा मालक उठून मंडपाबाहेर जाऊन उभा राहिला. काकी एकटीच शांत होती. तिने टप उचलायला घेतला आणि मी हात दिला.

मेहुण्याची चौकशी अजून चालू आहे. चालू म्हणजे, मी दर महिन्याला विचारते आणि ते मला चालू आहे म्हणून सांगतात.

आमचा गतिरोधक अध्यक्षांनी स्वतः फोडला. कोणाला हात लावू दिला नाही. सकाळभर पहार घेऊन एकटेच घाव घालत होते. मी दोनदा पाणी नेऊन दिलं, ते पिऊन त्यांनी पुन्हा पहार उचलली. दुसऱ्या दिवशी एसटी पुन्हा वाडीत आली. नोंद झाल्यामुळे अभिप्राय मिळाला, अभिप्रायामुळे मंजुरी मिळाली, आणि शिमग्याच्या थोडं आधी सरकारी गतिरोधक झाला. बेताच्या उंचीचा, पांढरे पट्टे मारलेला. त्याच जागी, माझ्या फाटकासमोर. जागेबद्दल या वेळी कोणी हरकत घेतली नाही. सुट्टीच्या दिवसांत आता गाड्या तिथे हळू होतात आणि तो ओलांडला की गेलेला वेळ भरून काढायला पहिल्यापेक्षा जोरात सुटतात. खालच्या गोठेवाल्याने पुढच्या सभेसाठी अर्ज दिलाय. त्याला दुसरा गतिरोधक हवाय, पण गोठ्यापासून दूर.

मी राजीनामा लिहून दिला होता. तीन सभा झाल्या, तो विषय शेवटचा ठेवतात आणि तिथपर्यंत पोचेपर्यंत सगळे उठलेले असतात.

काकी पूर्वी किनाऱ्यावरून आली की पहिल्यांदा होमस्टेच्या दारात जायची. चांगली मासळी आधी त्याला. तिची सून अजून तिथेच कामाला आहे. काकीने तिला सोड म्हणून सांगितलं नाही, त्यानेही काढलं नाही. आता काकी आधी माझ्याकडे येते, मग गोठेवाल्याकडे, मग वळणावरच्या बाळाच्या घरी, आणि सगळ्यात शेवटी त्याच्या दारात. टपात पापलेट असलं तरी शेवटी. तो फाटकाशी उभा असतो. ती समोरून जाताना दिसते, पापलेटही दिसतं, पण तो हाक मारत नाही. तिची फेरी संपेपर्यंत थांबतो आणि उरलेलं असेल ते घेतो.